सही कोणाची? : व्यवस्थापन महाविद्यालयांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या व्यवस्थापन महाविद्यालयांचे संचालक, प्राचार्य आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी गेली अकरा वर्षं एमबीएच्या मुलामुलींना कॉस्टिंग शिकवते. व्हिजिटिंग फॅकल्टी आहे, म्हणजे तासापुरती येते आणि जाते. बाकीचा दिवस कारखान्यांच्या अकाउंट्स विभागात गेला आहे. मार्चएंडच्या रात्री दीड वाजता कँटीनचा गार झालेला वडापाव खाऊन ट्रायल बॅलन्स जुळवणाऱ्यांपैकी मी एक. हे पत्र वर्गातला अनुभव आणि त्या रात्रींचा अनुभव या दोन्हींतून लिहिते आहे.

दर वर्षी फेब्रुवारीत मी फळ्यावर एक प्रसंग लिहिते. ३१ मार्च, संध्याकाळचे साडेसहा. विक्रीचं टार्गेट चाळीस लाखांनी कमी पडतंय. साहेब येऊन सांगतात, आजच्या तारखेला चाळीस लाखांचं बिल फाडा, माल पुढच्या आठवड्यात निघेल. पार्टी ओळखीची आहे, ओरडणार नाही. अकाउंट्समध्ये तुम्ही बसला आहात. काय कराल?

पहिले प्रश्न बहुधा मुलांचे येतात. "मॅडम, ऑडिटर गेट रजिस्टर बघतो का?" "ई-वे बिल तर माल निघताना निघणार, मग तारीख जुळणार नाही, नाही का?" प्रश्न हुशारीचे आहेत, त्यांत कॉस्टिंगची आणि ऑडिटची समज दिसते. मग मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारते, "त्या बिलावर सही कोणाची असेल?" हात वर करायला सांगितले की "मी करणार नाही" म्हणणाऱ्यांत मुली जास्त असतात. अकरापैकी एकाही वर्षी याच्या उलट झालेलं नाही. अपवादही दर वर्षी असतात, हे आधीच सांगते. वर्गात आजवर सगळ्यात ठाम उभा राहिला तो किराणा दुकानदाराचा मुलगा. म्हणाला, "आमच्याकडे उधारीच्या वहीत एक आकडा खोटा लिहिला तर बाबा दुकानात उभं करणार नाहीत." आणि "सगळेच करतात, मॅडम" हे वाक्य मी मुलींच्या तोंडूनही ऐकलं आहे.

बरीच वर्षं मी हे हात मोजून समाधानाने घरी जात होते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये फोन आला. तीन वर्षांपूर्वी त्या वर्गात "नाही" म्हणताना जिचा हात पहिला वर गेला होता, तीच मुलगी. एका सुट्या भागांच्या कारखान्यात अकाउंट्सला लागली होती. बसथांब्यावरून बोलत होती, मागे गाड्यांचे आवाज. म्हणाली, "मॅडम, मी तीन महिने सही करतेय."

कारखान्याला बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा खात्यात दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. गोदामात किती माल आहे आणि पार्ट्यांकडून किती येणं आहे ते पाहून, त्यातून मार्जिन, म्हणजे बँक सुरक्षेसाठी बाजूला ठेवते तो हिस्सा, वजा करून, त्या महिन्यात किती पैसे उचलता येतील ते बँक ठरवते. इथे गिऱ्हाइकाने नाकारून परत पाठवलेला माल आणि दोन वर्षं जागेवरून न हललेला माल चांगल्या मालाच्या भावाने यादीत घातला जात होता. यादी करणारी ती, सही करणारी ती, बँकेत नेऊन देणारीही ती. तिच्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, "तूच घेऊन जा. तुझ्यावर बँकेतल्या साहेबांचा विश्वास आहे. मुलगी खोटं बोलत नाही असं त्यांना वाटतं."

हे वाक्य तिने फोनवर दोनदा म्हटलं. मग विचारलं, "आता मी काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाही म्हणायचं, एवढंच मी तिला शिकवलं होतं. कसं म्हणायचं, कोणाला म्हणायचं, लेखी काय ठेवायचं, पगार थांबला तर घर कसं चालवायचं, याचा एक तासही मी कधी घेतला नव्हता. आपल्यापैकीही कोणी घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. हे पत्र त्या तासासाठी आहे.

मुली आणि मुलगे यांच्या उत्तरांत फरक पडतो, ही गोष्ट जगभर मोजली गेली आहे. नैतिक वाढीच्या पायऱ्या ठरवणाऱ्या लॉरेन्स कोलबर्ग यांनी मूळ अभ्यासात फक्त मुलगे घेतले होते. त्यावर कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये बोट ठेवलं. मुली नियमापेक्षा नात्यातून, कोणाला इजा होईल यातून विचार करतात पण तेवढ्यावरून त्या खालच्या पायरीवर ठरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. व्यवसाय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर तेव्हापर्यंत झालेले अनेक अभ्यास बोर्कोव्स्की आणि उग्रास यांनी १९९८ मध्ये एकत्र तपासले. मुलींची मतं मुलांपेक्षा कडक निघाली, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांची लहानांपेक्षा कडक निघाली. पदवीला कोणता विषय घेतला होता, यावरून मात्र ठाम काही हाती लागलं नाही. ही शेवटची गोष्ट मी वाचली तेव्हा शिक्षिका म्हणून मला लागली. वय फरक पाडतं, घरात मुलगी म्हणून झालेली वाढ फरक पाडते, आणि आपण जे शिकवतो त्याचा पत्ता लागत नाही.

याहून महत्त्वाचा मला १९९७ चा अभ्यास वाटतो, फ्रँके, क्राउन आणि स्पेक यांचा. ६६ नमुने, २० हजारांहून अधिक माणसं. गैरव्यवहाराचे प्रसंग समोर ठेवले की बायका ते पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात चूक म्हणतात, हे तिथेही दिसलं. पण हा फरक विद्यार्थ्यांत मोठा आहे, आणि नोकरीचा अनुभव वाढत जातो तसा तो कमी होत जातो. पैशाच्या प्रश्नांत तर तो मुळातच लहान आहे. म्हणजे माझ्या वर्गात वर झालेले ते हात नोकरीत हळूहळू खाली येतात. बसथांब्यावरच्या त्या फोनमध्ये मी तेच ऐकत होते.

वर केलेल्या हातांवर तरी किती विसंबायचं, हाही प्रश्न आहे. समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर द्यायचा कल मोजून बाजूला काढला, तर स्त्री-पुरुषांतला फरक बराच आटतो, हे डॅल्टन आणि ऑर्टेग्रेन यांनी २०११ मध्ये दाखवलं. आपल्याकडे हे पटायला अभ्यास लागत नाही. आपण लहानपणापासून मुलीला "शहाण्यासारखं वाग" म्हणून वाढवतो, आणि शहाण्यासारखं म्हणजे बहुतेक वेळा मोठ्यांना आवडेल तसं. वर्गात मोठी मी असते, म्हणून ती मला आवडेल ते उत्तर देते. कारखान्यात मोठा साहेब असतो, तिथे ती साहेबाला आवडेल ती सही करते. ज्या वळणाने ती वर्गात "नाही" म्हणते, त्याच वळणाने ती तिथे "हो" म्हणते. हे मला समजायला अकरा वर्षं लागली.

म्हणून आपल्याला विनंती आहे की "आमच्या मुली फार प्रामाणिक" हे कौतुक थांबवा. मी ते स्नेहसंमेलनांत ऐकलं आहे, मुलाखतींच्या पॅनेलवर ऐकलं आहे, "कॅश सांभाळायला मुलगीच द्या" म्हणणाऱ्या कंपन्यांकडून ऐकलं आहे. त्यातून मुलीच्या वाट्याला तिजोरीची किल्ली येते, अधिकार येत नाही. चूक झाली तर तिला माफीही कमी मिळते. अमेरिकेतल्या आर्थिक सल्लागारांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात गैरप्रकारानंतर नोकरी जाण्याची शक्यता बायकांच्या बाबतीत पुरुषांहून सुमारे २० टक्के जास्त निघाली. आणि मुलांना या कौतुकातून काय कळतं? त्यांच्याकडून कुणाची अपेक्षाच नाही, हे. तो दुकानदाराचा मुलगा आपल्या हिशेबात कुठेच बसत नाही.

वर्ल्डकॉम या अमेरिकेतल्या दूरसंचार कंपनीची गोष्ट मी आता प्रत्येक बॅचला सांगते, कारण तिच्यात दोन बायका आहेत आणि दोघी एकाच कंपनीत, मिसिसिपी राज्यातल्या क्लिंटन गावात काम करत होत्या. बेटी विन्सन अकाउंट्समध्ये होती. ऑक्टोबर २००० मध्ये वरून निरोप आला की खर्च ८२ कोटी ८० लाख डॉलरनी कमी दाखवा, राखीव रकमांतून भागवा. तिला ते चूक आहे हे कळलं. राजीनामा द्यायचं तिच्या मनात आलं होतं. एकदाच करायचं आहे, असं तिला सांगण्यात आलं. घर मुख्यतः तिच्या पगारावर चालत होतं. तिने एंट्री केली. पुढच्या तिमाहीत पुन्हा केली, त्याच्या पुढच्या तिमाहीत पुन्हा. २००५ मध्ये तिला पाच महिन्यांची कैद झाली.

दुसरी सिंथिया कूपर, अंतर्गत लेखापरीक्षणाची प्रमुख. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कुणाला न सांगता रात्री थांबून नोंदी उपसल्या. नफा जास्त दिसावा म्हणून चालू खर्च भांडवली खर्च म्हणून दाखवला आहे, हे त्यांना सापडलं, आणि जून २००२ मध्ये ३८० कोटी डॉलरचा घोटाळा जगापुढे आला. त्या वर्षअखेरीला टाइम साप्ताहिकाने वर्षातल्या व्यक्ती म्हणून तीन बायका निवडल्या, त्यांतली ती एक. दुसरी होती एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची शेरॉन वॉटकिन्स. एन्रॉन म्हटल्यावर आपल्याला गुहागरजवळचं दाभोळ आठवतं. त्याच कंपनीचे हिशेब पोकळ आहेत, हे वॉटकिन्सने ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्षांना पत्र लिहून कळवलं होतं.

विन्सन आणि कूपर दोघी बायका, दोघी हिशेब शिकलेल्या. मग फरक कुठे पडला? माझ्या मते कूपरकडे तीन गोष्टी होत्या. कुठल्या खात्यात हात घालायचा हे तिला ठाऊक होतं. सोबत माणसं होती. आणि तिच्या खुर्चीला लेखापरीक्षण समितीकडे थेट जाण्याची वाट होती. विन्सनकडे वरच्या साहेबाशिवाय जायला दार नव्हतं. चाकण, भोसरी, सातपूर, बुटीबोरी इथल्या कारखान्यांत लागणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी बहुतेकांची स्थिती विन्सनची आहे. तक्रारीची सुरक्षित वाट ठेवण्याची सक्ती २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ मध्ये आहे, पण ती शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांना, ठेवी घेणाऱ्यांना आणि मोठी कर्जं असणाऱ्यांना. भागीदारी फर्ममध्ये किंवा छोट्या खासगी कंपनीत पहिली नोकरी करणाऱ्याला ती वाट नाही. त्याची तयारी आपल्याच वर्गात करून द्यावी लागेल.

मोठे घोटाळे असेच लहान सुरू होतात. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की खरा नफा आणि वहीतला नफा यांतलं अंतर सुरुवातीला किरकोळ होतं, वर्षानुवर्षं ते वाढत गेलं. राजूंकडे अमेरिकेतली एमबीए होती. त्यांच्या संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या नामवंत बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते, तेव्हा २१ हजारांवर बनावट खात्यांचा तपशील तक्रारीत आला. मी तेव्हा बँकेबाहेरच्या रांगांचे फोटो पाहत होते आणि मनात एकच येत होतं. ही खाती कुणीतरी खुर्चीत बसून, एकेक करून संगणकात भरली. तो किंवा ती कुठल्या तरी कॉलेजात शिकली असणार.

आता आपल्या घरातलं बोलते. यात मी कोणत्याही एका संस्थेचं नाव घेत नाही, कारण कमीजास्त प्रमाणात मी हे अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

समर इंटर्नशिपचा प्रोजेक्ट रिपोर्ट कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. विषय सांगा, नाव बदलून, बाइंडिंग करून, कव्हरवर सोनेरी अक्षरं छापून संध्याकाळी न्या. पहिल्या पानावर "हे काम माझं स्वतःचं आहे" असं प्रतिज्ञापत्र असतं, तेही दुकानदारानेच टाइप केलेलं. एकदा माझ्यासमोर तोंडी परीक्षेला आलेल्या मुलाच्या रिपोर्टमध्ये आभाराच्या पानावर दुसऱ्याच कॉलेजच्या संचालकांचं नाव राहून गेलं होतं. मी तो बाजूला ठेवला. संध्याकाळी मला सांगण्यात आलं, "मॅडम, मुलाचं वर्ष जाईल, जाऊ द्या." मी जाऊ दिलं. माझी सही त्या गुणपत्रिकेवर आहे.

तपासणी समिती यायची असते तेव्हा हजेरीपट एका आठवड्यात भरले जातात. न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली जातात, मागच्या तारखांचे फीडबॅक फॉर्म वर्गात वाटून मुलांकडून भरून घेतले जातात. पेन बदला, सगळ्यांनी एकाच निळ्या शाईत लिहू नका, अशीही सूचना मी ऐकली आहे. हे फॉर्म गोळा करायचं काम कोणाकडे जातं? अक्षर चांगलं असलेल्या, "जबाबदार" मुलींकडे. मागची तारीख टाकण्याचा सराव तिला आपण दिला. माझ्या फळ्यावरचा ३१ मार्चचा प्रसंग तिने माझ्या तासाच्या आधीच, वरच्या मजल्यावर, प्रत्यक्ष करून पाहिलेला असतो.

मॅकेब, बटरफिल्ड आणि ट्रेविन्यो यांनी २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३२ संस्थांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची माहिती मांडली. आधीच्या वर्षभरात कॉपी किंवा तत्सम प्रकार केल्याचं व्यवसाय शाखेतल्या ५६ टक्क्यांनी कबूल केलं, इतर शाखांत ४७ टक्क्यांनी. सगळ्यात जोरकस कारण निघालं ते "इतर करतात" हे वाटणं. नीतिमत्तेच्या पेपरला किती गुण मिळाले याने काही ठरत नाही. शेजारचा काय करतो आणि सर काय चालवून घेतात, याने ठरतं.

म्हणून नीतिमत्तेचा आणखी एक पेपर वाढवा, असं मी मागत नाही. दोन क्रेडिटचा पेपर, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या व्याख्या आणि पाच गुणांच्या टिपा, हे पुरेसं झालं आहे. मागते ते असं. कॉस्टिंगच्या तासाला स्टॉक स्टेटमेंट शिकवताना ते कसं फुगवलं जातं आणि फुगवलेलं कसं ओळखायचं हे शिकवू द्या. मार्केटिंगमध्ये खोट्या दाव्याची जाहिरात लिहायला सांगणाऱ्या क्लायंटला उत्तर लिहायला लावा. एचआरमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारीची अंतर्गत समिती कागदावर कशी उभी केली जाते आणि खरी कशी चालते, ते दाखवा. आणि नकार द्यायचा सराव घ्या. मराठीत, इंग्रजीत, तोंडी आणि मेलवर. मुलगा आणि मुलगी दोघांकडून, कारण मुलाला "नाही" म्हणताना मर्दानगी आड येते, मुलीला आज्ञाधारकपणा.

त्या मुलीबरोबर मी शेवटी बसले. तिच्या घरी, तिच्या आईने केलेले पोहे समोर ठेवून आम्ही दोघींनी एक मेल लिहिला. चार ओळींचा. "सोबतच्या यादीतील अमुक मालाची स्थिती व किंमत मला प्रत्यक्ष पडताळता आलेली नाही. पडताळणीशिवाय या विवरणपत्रावर मी सही करू शकत नाही. स्टोअर्सकडून पडताळणी करून घ्यावी किंवा लेखी सूचना द्यावी, ही विनंती." तिसरी ओळ लिहायला आम्हाला दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिने तो पाठवला.

लेखी सूचना आली नाही. तिच्याकडचं बँकेचं काम काढून घेतलं आणि तिला खरेदीच्या बिलांवर बसवलं. पगारवाढ त्या वर्षी नावापुरती झाली. ती अजून तिथे आहे, दुसरी नोकरी शोधते आहे. स्टॉक स्टेटमेंटवर आता तिच्या हाताखाली नवीन लागलेला मुलगा सही करतो. बावीस-तेवीस वर्षांचा. कुठल्या कॉलेजचा, ते तिने मला सांगितलं, मी इथे लिहीत नाही. आपल्यापैकीच एकाचा आहे. त्याला फोन करायला कोणी आहे का, याची मला रात्री काळजी वाटते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांना नोकरीच्या तिसऱ्या वर्षी परत बोलवा. मेळाव्यासाठी, देणगीसाठी नको. दार लावून, मुलामुलींना, एकच विचारा, गेल्या वर्षात कशावर सही केली आणि झोप लागली नाही. जे निघेल त्यातून पुढचा अभ्यासक्रम ठरवा. आणि प्रत्येक कॉलेजात दोन प्राध्यापक, एक एखादी सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट आणि एक वकील असे चौघं असू द्या, ज्यांचा नंबर पदवीबरोबर मुलांच्या हाती पडेल.

झेरॉक्सच्या दुकानातले रिपोर्ट या वर्षीपासून बंद करायचे असतील तर मी पहिली तोंडी परीक्षक म्हणून बसायला तयार आहे, आणि या वेळी वर्ष जात असेल तर जाऊ देईन. मानधन नको. फेब्रुवारीतला एक शनिवार मला द्या, पूर्ण दिवस, साठ मुलामुलींची एक बॅच. स्टॉक स्टेटमेंटचे कोरे नमुने आणि तो चार ओळींचा मेल, नाव-गाव पुसून, मी घेऊन येईन.

आपली नम्र,
एक व्हिजिटिंग प्राध्यापिका, पुणे